उरलेला सारंग

ठाणे-कल्याणकडून परत आल्यापासून घाटावर स्नानाला जावे तर कोणी ना कोणी हटकतेच, "काय शास्त्रीबुवा, तिकडच्या पोरांना गाणे ऐकवून आलात म्हणे? कसे काय झाले?" पहिल्या दिवशी मी पायरीवर उभ्या उभ्या उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी उत्तर देता देता ओले धोतर अंगावरच वाळले. तेव्हा ज्यांना खरोखर ऐकायचे आहे त्यांच्यासाठी सारे एकदा लिहूनच ठेवावे, म्हणजे निदान संध्या तरी वेळेवर होईल, असे ठरवून बसलो आहे.

आमच्या कृष्णाकाठच्या गावी राममंदिरात पहाटेची गायनसेवा करणारे गोविंदबुवा हे माझे बाळमित्र. त्यांच्या वडिलांनीही त्याच खांबाला टेकून आयुष्यभर सेवा केली. बुवांचा गळा अजून तयारीचा आहे, आणि स्वभाव त्याहून तयारीचा. गेल्या दिवाळीत त्यांच्या मनाने घेतले की शहरांतील शाळांत महिन्यातून एकदा तरी मुलांना समोर बसवून राग ऐकवावा. मी म्हटले, "रेडिओ आहे की आता घरोघर." त्यावर बुवा म्हणाले, "रेडिओ मुलांकडे पाहतो का?" मग ते म्हणाले, "शास्त्री, गळ्यात आता थोडीच वर्षे उरली आहेत. ती देवापुढे घालवायला माझी ना नाही. पण देवाला माझे सगळे पाठ आहे. मुलांना नाही."

माझा एक जुना विद्यार्थी मोरेश्वर त्या जिल्ह्यात शिक्षणखात्याचा डेपुटी आहे. त्याला लिहिले. त्याचे उत्तर आदराचे होते आणि स्पष्टही होते. तीन शाळा तो देणार होता: ठाणे, कल्याण आणि डोंबिवली. त्यांपैकी एका तरी शाळेत मुलांनी एक राग आरंभापासून शेवटपर्यंत ऐकला, एवढे त्याला वरिष्ठांपुढे सांगता आले, तर जूनपासून महिन्याचा एक तास तो बसवून घेणार होता. तसे न घडल्यास मात्र हा विषय पुन्हा काढता येणार नव्हता.

"एक राग?" बुवा हसून म्हणाले. "एवढेच?"

त्या हसण्याची मला पुढे फार वेळा आठवण झाली.

ठाणे

माघाचे दिवस होते. आमच्याकडे त्या सुमारास पहाटे हात बाहेर काढवत नाही; ठाण्याला थंडी नुसती नावाला असते आणि खाडीवरून खारट, दमट वारा मात्र अखंड येतो. हा वारा मिठागरांना उपकारक असेल, तंबोऱ्याला नाही. तार लावावी आणि सुपारी कातरून होईपर्यंत ती उतरलेली असावी, असा प्रकार. बुवा गातात तेव्हा तंबोरा मी छेडतो. माझी संगीतातील गती तेथेच संपते, पण तेवढ्यातही माझ्या दोन्ही बोटांना त्या वाऱ्याने घट्टे पाडले.

गावाच्या मध्यभागी तळे आहे. काठी कौपीनेश्वराचे पुरातन देऊळ, आणि त्या देवळाला वळसा घालून भाजीवाल्यांचा, फुलवाल्यांचा एवढा कोलाहल की गाभाऱ्यातही वांग्यांचा भाव कळावा. आमच्याकडे देवळापाशी आले की माणसे आवाज उतरवतात. येथे तसे नाही. पण महादेवाला त्याचे काही वाटत असेलसे दिसले नाही. लिंगापुढे बसल्यावर मलाही थोड्या वेळाने वाटेनासे झाले.

आमचे यजमान एक निवृत्त मामलेदार होते. त्यांच्या पत्नी अतिशय प्रेमळ; परंतु कोकणी माणसाचे प्रेम आंबट असते. ताटात आमसुलाचे सार, वाटीत सोलकढी, पानाच्या डाव्या बाजूला कैरीचे लोणचे. गाण्याच्या आदल्या दिवशी बुवा आंबटाला शिवत नाहीत. तसे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, कोकमाने घसा सुटतो!" आणि वाटी पुन्हा भरली. शेवटी बुवांची वाटी मी प्यालो आणि माझीही प्यालो. सोलकढी उत्तम होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

येथेच इस्माईलभाई येऊन मिळाले. हे मूळचे कल्याणचे तबलजी. शेलाट्या अंगाचे, मेंदी लावलेल्या दाढीचे आणि अत्यंत अदबशीर गृहस्थ. बुवांची आणि त्यांची ओळख कोण्या जुन्या उरुसातली. तबल्याची जोडी ते स्वतःच्या शालीत गुंडाळून, तान्हे मूल आणावे तशी घेऊन आले.

शाळा सकाळची होती, म्हणून बुवांनी भैरव योजला होता. भैरव हा सूर्योदयाच्या आसपासचा राग. आम्ही उजाडताना व्यासपीठावर बसलो. मुले सतरंज्यांवर ओळीने बसली होती, त्यांच्या डोळ्यांत झोप होती आणि थोडे कुतूहलही होते. माझ्या मते तो क्षण उत्तम होता. त्याच क्षणी मुख्याध्यापक बोलायला उठले.

मुख्याध्यापकांनी स्वागत केले. मग चिटणीसांनी परिचय करून दिला. तो अर्धा बुवांचा आणि अर्धा शाळेच्या नव्या इमारतीचा होता. मग अध्यक्ष उठले आणि संगीत, स्वराज्य व शिस्त या तिन्हींवर बोलले. स्काउटच्या पथकाने हार घातले. हार आखूड पडला म्हणून दुसरा आणला. एवढे झाल्यावर मी तंबोऱ्याला हात लावला, तो एक शिक्षक लगबगीने पुढे आले.

"थांबा हं शास्त्रीबुवा, आभार राहिले."

"आभार? अहो, अजून गाणे व्हायचे आहे."

"हो, पण गाणं झाल्यावर मुलं थांबत नाहीत. म्हणून आम्ही आधीच उरकतो."

आभार झाले. छापखान्यापासून सतरंजीवाल्यापर्यंत सर्वांचे झाले. ऊन खिडकीतून आत येऊन पहिल्या ओळीच्या मांडीवर चढले. मग अध्यक्ष प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "हं, बुवा, होऊ द्या."

"काय होऊ द्या?" बुवांनी विचारले. "भैरवाची वेळ टळली."

"टळली म्हणजे?"

"म्हणजे टळली. आता तोडी गावी लागेल. त्यासाठी तंबोरा पुन्हा लावला पाहिजे."

मी वाकून हळूच म्हटले, "गोविंदा, मुलांना काय कळते? गा भैरव."

बुवांनी माझ्याकडे पाहिले. "सकाळची संध्या तू कधी दुपारी केलीस का रे?"

माझा नाइलाज झाला. शास्त्र मीही मानतो. पण त्या दिवशी शास्त्राने आमची थोडी कड घेतली असती तर मी त्याचा ऋणी राहिलो असतो. बुवा तंबोरा लावू लागले. खारा वारा वाहतच होता. खुंटी पिळावी, मणी सरकवावा, पुन्हा कान लावावा. मुले आधी गंभीर होती, मग कुजबुजू लागली. अखेर तंबोरा जुळला, बुवांनी डोळे मिटून षड्ज लावला. असा षड्ज लागला की माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. आणि घंटा झाली.

ती मधल्या सुट्टीची घंटा होती. मुले उठली. शिक्षकांनी "बसा, बसा" केले, पण बसायला कोणी उरले नाही. दाराशी एका मुलाने पेल्यातील पाणी तोंडात घेऊन, मान वर करून बुवांच्या आलापाची नक्कल केली: गळ्यात गुळगुळ, गुळगुळ. त्याच्या भोवती हशा पिकला. बुवांनी ते पाहिले. तंबोऱ्याला गवसणी घातली आणि नाडी दोनदा बांधली.

कल्याण

कल्याण हे जुने बंदर. खाडीकाठी किल्ल्याच्या टेकडीवर देवी आहे, गावात भाताच्या गिरण्या आहेत, आणि सगळ्या हवेला कोंड्याचा, उकड्या तांदळाचा वास येतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे जवळच्या छावणीत राहतात. त्यांची काही मुले या शाळेत आहेत. गल्लीत एका बाजूला मराठी, एका बाजूला सिंधी आणि मधून कोकणी मुसलमानांची बोली ऐकू येते. आमच्या गावात एक परकी भाषा ऐकली तर माणसे दारात येऊन पाहतात. येथे कोणी मान वर करीत नाही.

या शाळेच्या मुख्याध्यापकांना पाहताच मला धीर आला. कपाळी गंध, खांद्यावर उपरणे, बोलणे मृदू. मी आधीच विनंती केली की भाषणे नकोत. "छे छे," ते म्हणाले, "भाषणं कसली! आपण वाद्यांचं पूजन करू आणि थेट गाण्याला सुरुवात. शास्त्रीबुवा, स्तोत्र मात्र आपल्या तोंडून व्हावं."

यात नाकारण्यासारखे काय होते? विद्येच्या घरात विद्येच्या देवतेचे स्मरण व्हावे, हे तर आमचेच ब्रीद. तिसऱ्या प्रहराची वेळ होती, भीमपलास ठरला होता, इस्माईलभाईंनी तबला सुरात मिळवून चौरंगाशेजारी ठेवला होता. तंबोरा माझ्या मांडीवर होता. मी डोळे मिटले आणि स्तोत्राला आरंभ केला. डोळे उघडे ठेवून स्तोत्र म्हणण्याची मला सवय नाही.

पुढे काय घडले ते मी पाहिले नाही, नंतर कळले. मुख्याध्यापकांनी वाद्यांना हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. आणि नारळाचे पाणी वाटीत धरून, केवळ भक्तिभावाने, देवाला घालावा तसा तबल्यावर अभिषेक केला. तंबोरा माझ्या कुशीत होता म्हणून वाचला. मी डोळे उघडले तेव्हा तबल्याच्या काळ्या शाईवर पाणी साचले होते, त्यात दोन अक्षता तरंगत होत्या, आणि इस्माईलभाई हात जोडून, पुतळ्यासारखे शेजारी उभे होते.

"अहो भाई!" मी जवळजवळ ओरडलोच. "तुम्ही पाहत होता ना? मग थांबवले का नाही?"

"शास्त्रीबुवा," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या तोंडात देवीचं नाव होतं. मधेच तोडायचं कसं? अदब म्हणून गप्प बसलो."

मुख्याध्यापक अदबीने पाणी घालत होते, तबलजी अदबीने गप्प होते, आणि मी अदबीने डोळे मिटून होतो. या तिघांपैकी एकाने जरी थोडी बेअदबी केली असती तरी तबला वाचला असता. मुख्याध्यापकांचा चेहरा तर असा झाला की त्यांना रागावणेही कठीण. ते उपरण्याने शाई टिपू लागले आणि शाई उपरण्याला लागू लागली.

"राहू द्या, साहेब, राहू द्या," इस्माईलभाई म्हणाले. "देवीनं आज माझंच तोंड बंद केलं म्हणायचं."

बुवा मात्र, आश्चर्य म्हणजे, चिडले नाहीत. "आलापी करू," ते म्हणाले. "ठेका नसला तरी राग काही अडत नाही." आणि त्यांनी भीमपलास धरला. हळूहळू, मऊ, उतरत्या उन्हासारखा. मी तंबोरा छेडीत समोर पाहत होतो. मुले कमालीची शांत होती. मला वाटले, जमले. मग ध्यानात आले की सर्वांच्या हातांची घडी होती, सर्वांच्या ओठांवर बोट होते, आणि ओळींमधून कवायतीचे मास्तर छडी घेऊन फिरत होते.

चौथ्या ओळीत एक गोरा, लांब नाकाचा सिंधी मुलगा होता. बुवा गंधाराहून षड्जावर उतरले की त्याची मान आपसूक डोलायची. दोनदा डोलली. तिसऱ्यांदा मास्तर मागून आले आणि त्यांनी त्याचा कान धरून पिळला.

"मान सरळ! कार्यक्रम चालू आहे!"

बुवांचा स्वर तेथेच तुटला.

"त्याला का मारता?"

"हालतो आहे, बुवा. सगळ्यांना सूचना दिली होती."

"अहो, तोच एकटा ऐकत होता!" बुवा म्हणाले. "बाकीची बसली आहेत. तो ऐकत होता!" आणि ते उठले. मुख्याध्यापक धावले, मी धोतराचे टोक धरले, पण गोविंदबुवा उठले म्हणजे उठले. दुसरी शाळाही गेली.

खडवली

झाल्या प्रकाराने मुख्याध्यापकांना इतके अपराधी वाटले की दुसऱ्या दिवशी ते आम्हाला आग्रहाने खडवलीला नदीवर घेऊन गेले. स्थानकापासून थोडे चालले की काळ्या कातळांतून वाहणारी स्वच्छ नदी लागते. आमची कृष्णा संथ आणि खोल. ही उथळ, दगडांशी बोलत जाणारी. पाणी असे थंड की मंत्र आपोआप भरभर म्हटला जातो. मला तेथे फार बरे वाटले. स्नान झाल्यावर मुख्याध्यापकांच्या घरून आणलेली तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी कातळावर बसून खाल्ली. नारळ पाहून इस्माईलभाई म्हणाले, "हा माझ्यापासून जरा लांब ठेवा," आणि मुख्याध्यापकांसकट सारे हसले.

हसले नाहीत ते बुवा. तबला उन्हात कातळावर ठेवला होता. शाई वाळता वाळता तडकली आणि तिचा एक पापुद्रा सुटून वाऱ्यावर गेला. तबल्यावर चढवायची दुसरी कातडी पुडी मुंबईहून आणायची तर शेवटच्या कार्यक्रमापर्यंत येणे शक्य नव्हते.

"मी घरी जातो," बुवा म्हणाले. "उद्याच्या शाळेला कळवून टाक."

"उद्या शेवटची शाळा आहे, गोविंदा. तीही सोडलीस तर मोरेश्वरला पुन्हा तोंड दाखवता येणार नाही."

"नको दाखवूस. एकीकडे भाषणे, एकीकडे अभिषेक, एकीकडे छडी. मुलांपर्यंत मी पोचतच नाही. मी गाऊ कोणापुढे?"

माझा स्वभाव सोशिक आहे असे लोक म्हणतात. मी आयुष्यभर मंद विद्यार्थ्यांना संस्कृताची रूपे घोकवली आहेत. पण त्या कातळावर माझा संयम सुटला.

"कालच्या मास्तरला बोललास ते योग्यच केलेस," मी म्हणालो. "पण उठलास का? ते पोर ऐकत होते ना? मास्तरने त्याचा कान पिळला, आणि तू त्याचे गाणे काढून घेतलेस. त्याला शिक्षा दोघांनी मिळून केलीत."

बुवांनी पाण्यात सोडलेला पाय बाहेर घेतला. मुख्याध्यापक उगीचच भाकरीचे तुकडे माशांना टाकू लागले.

"उद्या दुपारची शाळा आहे ना?" अखेर बुवा म्हणाले. "मग सारंग गातो."

डोंबिवली

डोंबिवली अजून धड गाव नाही आणि धड शहरही नाही. गवतातून पायवाट जाते, वाटेत विहीर, विहिरीपुढे भातखाचरे आणि त्यांच्या कडेला एकदम नवी कोरी चाळ, तिच्या गॅलरीत गिरगावातून आलेल्या बायका पापड वाळत घालतात. रात्री सापाला जपून चालावे लागते, आणि सकाळी दारात मुंबईचे वर्तमानपत्र पडते. माणसे मात्र आमच्या पेठेतल्यासारखी: मराठी शुद्ध, मते ठाम.

शाळा पत्र्याच्या छपरांची होती. मुख्याध्यापिका एक नाकीडोळी नीटस, तरतरीत बाई होत्या. त्यांनी आम्हाला दारातच उभे करून सांगितले, "भाषण नाही, नारळ नाही, छडी नाही. साहेबांनी मला सगळं कळवलंय. पण घंटा होणार म्हणजे होणार. पुढच्या तासाला गणिताची चाचणी आहे."

साहेब म्हणजे मोरेश्वर. तो स्वतः आला होता आणि मागे मुलांच्या ठेंगण्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मला पाहताच उठून पाया पडला. पण त्याच्या चेहऱ्यावरून मला समजले की त्याची आशा फारशी उरलेली नाही.

पत्रे तापले होते. मध्यान्हीची वेळ, म्हणजे सारंगाचीच. बुवांनी आलाप सुरू केला. मुलांनी थोडा वेळ आदराने ऐकले. मग एकाने खिडकीतून कावळा पाहिला, दुसऱ्याने त्याला पाहिले, आणि ओळीओळीने चुळबुळ सुरू झाली. कोणी दरडावले नाही. बाईंनी छडी नाही म्हटले होते आणि त्या शब्द पाळीत होत्या. बुवा थांबले. आता उठतो, मी मनात म्हटले. उठला की मीही उठतो आणि याच्याशी जन्मात बोलत नाही.

बुवा उठले नाहीत. ते मुलांकडे पाहत राहिले.

"हे इस्माईलभाई," ते म्हणाले. "यांचा तबला भिजला आहे. कसा भिजला ते विचारू नका, शास्त्रीबुवांना वाईट वाटेल. आता मला ठेका कोण देणार? तुमच्यापैकी कोणाला हात आहेत?"

मग एकदम सगळे हात वर गेले.

इस्माईलभाई पुढे आले. त्यांनी सोळा मात्रांचा त्रिताल टाळ्यांनी करून दाखवला: पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला टाळी, नवव्या मात्रेला टाळी न देता हात उलटा करून हवेत सोडायचा, तेराव्या मात्रेला पुन्हा टाळी आणि फिरून पहिली.

"नवव्याला टाळी का नाही?" एका मुलाने विचारले.

"ती खाली," इस्माईलभाई म्हणाले. "सगळीकडेच वाजवलं तर घर कुठाय ते कळायचं कसं? पहिली मात्रा म्हणजे सम. ते आपलं घर. खाली आली की समजायचं, अर्धी वाट झाली, आता घराकडे वळायचं. बुवा कुठंपण भटकू देत, समेवर त्यांना घरी यायलाच लागतं. नाही आले तर मला सांगा."

मुले हसली. पहिले आवर्तन म्हणजे पत्र्यावर गारा पडाव्यात तसा गोंधळ होता. खालीला निम्म्यांनी टाळी दिली. दुसऱ्या वेळी दहा-वीसच चुकले, आणि त्यांना शेजाऱ्यांनीच कोपरखळ्या मारल्या. तिसऱ्या वेळी सारे हात एकदम उलटले आणि त्या पत्र्याखाली जी शांतता झाली, ती मी देवळातही क्वचित ऐकली आहे.

त्या शांततेत बुवांनी सारंगाची लहानशी चीज उचलली.

आता जे झाले त्याबद्दल शास्त्रात काय म्हटले आहे मला ठाऊक नाही. मुलांची लय चढू लागली. ज्या गोविंदबुवांनी तबलजीचे बोट जराही पुढे गेले तर डोळे वटारावेत, ते गोविंदबुवा पोरांच्या टाळ्यांमागून धापा टाकीत धावू लागले. इस्माईलभाई दोन्ही तळवे खाली दाबीत "आस्ते, आस्ते" करीत होते. मग बुवांनी एक युक्ती केली. समेवर यायचे तेथे ते आलेच नाहीत. तिला हुलकावणी देऊन पुढे निघून गेले. मुलांची टाळी एकटीच वाजली. "नाही आले!" कोणीतरी ओरडले. पुढच्या आवर्तनात सगळे कान टवकारून बसले. बुवा वर गेले, वळले, रेंगाळले, खाली उलटली, तेरावी गेली, आणि बुवा नेमके समेवर येऊन उभे राहिले. अशी टाळी पडली की खिडकीतला कावळा उडाला. "आले! आले!" मोरेश्वर मागच्या बाकावरून टाळी देत होता, त्याची खाली चुकत होती.

घंटा झाली ती नेमकी नवव्या मात्रेवर. सगळे हात हवेत होते. कोणी उठले नाही. समेची टाळी देऊनच मुले थांबली. पण बाई उभ्या राहिल्या होत्या. "तास संपला," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत हसू होते, पण तास संपलाच होता.

मोरेश्वर पुढे आला. "बुवा, मला फक्त एवढंच सांगा. राग पुरा झाला ना?"

माझ्या जिवात जीव आला. बुवांनी आता एक शब्द उच्चारायचा होता.

"नाही," बुवा म्हणाले.

मी तंबोऱ्याआडून त्यांच्या दंडाला चिमटा घेतला. "गोविंदा!"

"नाही रे, शास्त्री. संथ लयीचे विलंबित झाले नाही. या चिजेचा अंतराही राहिला. हा नुसता उंबरठा झाला. याला मी राग पुरा झाला म्हणणार नाही."

"अहो, पण साहेब विचारतायत," इस्माईलभाई कळवळून म्हणाले.

"म्हणूनच सांगतो."

मोरेश्वर माझ्याकडे पाहू लागला. त्याने स्वतःच घातलेली अट होती, आणि खोटे लिहू नये हे मीच त्याला शिकवले होते. अशा वेळी आपल्या शिकवणीचा मनुष्याला फार संताप येतो. मी तंबोरा मांडीवरून उतरवला आणि गवसणी शोधू लागलो.

पहिल्या ओळीत एक सावळी, परकर-पोलक्यातली मुलगी बसली होती. मागाहून कळले की मानपाड्याकडच्या आगऱ्यांची पोर, रोज शेतातून चालत येते. ती अजून उठली नव्हती. समेची टाळी देऊन तिने हात पुन्हा खालीसाठी उलटा धरला होता.

"मंग ऱ्हायलेला कवा गानार?" तिने बुवांना विचारले.



"अगं, साहेब उभे आहेत," बाई म्हणाल्या.

"तेच म्हनतंय, बाई. बुवा बोलले ना, संपला नाय. मंग ऱ्हायलेला कवा?"

मागून आणखी दोन-तीन आवाज आले, "हो, उरलेला कधी?"

मोरेश्वर त्या मुलीकडे पाहत राहिला. मग त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि तिलाच उत्तर दिले. "जूनमध्ये," तो म्हणाला. "शाळा उघडली की."

"वरिष्ठांना काय सांगशील?" मी विचारले.

"खरं तेच सांगेन, गुरुजी. राग पुरा झाला नाही, आणि मुलं उरलेला मागतायत."

बाईंनी लगेच बजावले, "शनिवारी ठेवा. शनिवारी चाचणी नसते." आणि मुलांना वर्गात पिटाळले. वर्गाकडे जाताना ओळीची पावले त्रितालात पडत होती आणि नवव्या पावलाला प्रत्येक मूल एक पाय हवेत धरून थबकत होते; त्यामुळे मागच्या ओळी पुढच्यांवर आदळत होत्या. "आता पाढेसुद्धा असेच म्हणणार," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "हे तुम्ही निस्तरायला येणार का, शास्त्रीबुवा?"

येथे माझे वर्णन संपायला हवे. पण घरी आल्यापासून गोविंदबुवांनी नवेच आरंभले आहे. पहाटेची सेवा पूर्वीप्रमाणे होते. पण देऊळ रिकामे झाल्यावर, भर मध्यान्ही, ते खांबाला टेकून सारंगाचे विलंबित मुलांना पेलेल अशा बेताने पुन्हा पुन्हा बसवीत असतात. हाताने खाली दाखवून थांबतात, जणू समोर कोणी बसले आहे. त्यांची पत्नी माहेरी गेली असल्याने जेवण सध्या आमच्याकडे. मी बोलवायला आलो की डोळे न उघडता एक बोट वर करतात. घरी पाने वाढलेली आहेत, वरण निवले, भात निवत चालला आहे. आणि मी येथे देवळाच्या पायरीवर बसून हे लिहितो आहे, कारण ते अजून समेवर आलेले नाहीत.